आरोहीच्या जागेवर कोण?

"कैरी मी हेरली, मी तोडली, पहिली फोड माझी!" कृष्णराज फांदीवर बसल्या बसल्या ओरडला.

"तू हेरलीस? आंधळ्या, तुला ती प्रेमनं दाखवली!" आरोहीनं कैरी त्याच्या हातातून हिसकावली.

"गप बसा की रे! कुणीतरी येतंय!" शिवांजली कुजबुजली.

चौघंही पानांआड गपगार झाली. सोनारीच्या शिवाराला लागून माळवस्ती आहे, तिच्या ओढ्याकाठचं हे आंब्याचं झाड. मे महिन्याची टळटळीत दुपार. अशा वेळी या चौघांनी खरं तर शाळेत असायला हवं होतं. होय, सुट्टीत शाळेत! ती भानगड सांगतेच, पण आधी झाडाखाली कोण आलं ते बघा.

आले ते आरोहीचे वडील, बलभीमआप्पा. सावलीत थांबून त्यांनी बाटलीतलं पाणी घशात ओतलं. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला आणि आपोआप बोलायला लागला.

"नमस्कार पालक. आपली आरोही या क्षणी वर्गात हजर आहे. ती आपल्या जागेवर शांत बसून अभ्यास करत आहे. शाब्बास, आरोही!"

आवाज मंजुषाबाईंचा होता. त्यांच्या शाळेच्या बाईंचा. आणि बाई तर सुट्टीला नळदुर्गला, आपल्या माहेरी गेलेल्या होत्या.

"गुणाची गं माझी बाय!" आप्पा स्वतःशीच म्हणाले आणि बाटली बगलेत मारून निघून गेले.

आरोहीच्या हातातली कैरी खाली पडली, तरी कुणी उचलायला उतरलं नाही.

"तू... तू इथंच आहेस ना?" शिवांजलीनं तिला बोटानं टोचून पाहिलं.

"इथंच आहे की! टोचतेस काय?"

"मग तिथं कोण बसलंय?"

या प्रश्नावर कृष्णराजसुद्धा बोलला नाही. आणि कृष्णराज गप्प बसला म्हणजे काहीतरी गंभीर आहे असं समजावं!

आता ती भानगड. सुट्टी लागली तशी शहरातली एक कंपनी वस्तीवर आली. 'गुरुछाया' नाव तिच्या यंत्राचं. शाळेच्या एकुलत्या एक वर्गातले बाक बाहेर काढले, प्लायवूड ठोकून चार खण केले आणि प्रत्येक खणात एक खुर्ची, एक पडदा आणि एक कॅमेरा बसवला. पोरं त्याला खुराडी म्हणायची. यंत्रात आवाज भरला बाईंचा. त्यांच्याकडून तो आधीच गोड बोलून भरून घेतला होता. महिनाभर हा सुट्टीवर्ग चालवायचा. पोरं नीट शिकली, तर जूनपासून सगळ्या शाळेची खुराडी करायची आणि मंजुषाबाईंची बदली. मग शाळेत माणूस म्हणून फक्त गोरोबाकाका, कुलूप उघडायला.

बाकीची पोरं मामाच्या गावाला गेलेली. राहिली ही चौघं. सगळ्यांत मोठी आरोही. कृष्णराज हा सरपंच तारामतीकाकूंचा मुलगा, बोलण्यात कुणाला न हरणारा. शिवांजली त्याची चुलतबहीण, सगळ्यांत लहान. आणि प्रेम, मेंढरं राखणाऱ्या घरातला. पहिले काही दिवस चौघं गेली. खुराड्यात बसलं की शेजारचा दिसायचा नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही. शिवांजली तर रोज रडत घरी यायची. शेवटी एक दिवस चौघांनी शाळेची वाट सोडून ओढ्याची धरली. पकडले गेलो तर मार खाऊ, असं ठरलेलं होतं. पण पकडलं कुणीच नाही. घरोघरी रोज निरोप येत राहिला, की पोरं हजर आहेत!

"भूत असलं तर बरंच आहे की," कृष्णराजला अखेर वाचा फुटली. "आपला अभ्यास करतंय बिचारं! त्याला गृहपाठ पण देऊ या."

"हसू नगंस," प्रेम म्हणाला. तो फार बोलत नसे. "आपण न्हाय गेलो, तरी आपण हुशार झालो, आसं ते यंत्र सांगतंय. मग बाई जाणार. एका सालानं मला सोनारीच्या मोठ्या शाळेत घालणार हायेत, आन मला अजून धड वाचता येत न्हाय. बाई म्हनल्या हुत्या, सुट्टीत रोज बसू, पण हे यंत्र आलं. त्या गेल्या तर मला कोण शिकवणार?"

आरोहीनं फांदीवरून उडी मारली. "चला. बघायचंच आता, माझ्या जागेवर कोण बसलंय ते!"

शाळा वस्तीच्या टोकाला होती. वाटेत एक माणूस दिसलं नाही. कुत्री गाडीखाली निपचित पडलेली. दारं लोटलेली. भर दुपारी उजेड इतका होता की डोळे दुखत होते, आणि तरीही शिवांजलीनं प्रेमचा सदरा घट्ट धरला होता.

शाळेच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. पुढच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला. आतून मात्र कूलरची घरघर ऐकू येत होती. आणि त्या घरघरीतून बाईंचा आवाज.

"छान, कृष्णराज. आता पुढचं चित्र बघ."

कृष्णराजची पाचावर धारण बसली. "म-मी काय बघू?"

"तुला नाही, येड्या!" आरोही दबक्या आवाजात म्हणाली.

"शिवांजली, उत्तर बरोबर! आणखी एक करू या."

शिवांजलीनं दोन्ही कान दाबले. आत कुठंतरी टक, टक, टक असा आवाज झाला. पडद्यावर कुणीतरी बोट आपटत होतं. कुलूपबंद खोलीत!

दाराच्या फळीला एक फट होती. प्रेमनं तिला डोळा लावला. बराच वेळ तो हलला नाही. मग हळूहळू मागं सरकला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काय दिसलं? बोल की!"

"निळा उजेड. आन एक हात." त्यानं आपली बोटं ताणून दाखवली. "काळा हात. लांब लांब बोटं. आपल्यासारखा न्हाय."

पळावं असं सगळ्यांच्याच मनात होतं. पण आरोहीला राग आला होता. भीतीपेक्षा रागच जास्त. तिनं दारावर थाप मारली आणि मोठ्यानं हाक दिली, "बाई! आत कोण आहे? मी आरोही!"

आतली टकटक थांबली. कूलर तेवढा घरघरत राहिला. मग बाईंचा तोच मायेचा आवाज दाराच्या अगदी जवळून आला.

"आरोही तिच्या जागेवर बसली आहे. बाहेर कोण आहे?"

झालं! चौघं अशी धूम पळाली की शिवांजलीची एक चप्पल शाळेपाशीच राहिली. ओढ्याशी पोचल्यावर आरोही मटकन खाली बसली. तिला रडू येत होतं, आणि ते का येतंय ते तिला कळत नव्हतं. भुताची भीती वेगळी. पण आपलं नाव घेऊन कुणीतरी आपल्यालाच 'तू कोण' म्हणून विचारावं, तेही बाईंच्या आवाजात, हे फार वाईट होतं.

संध्याकाळी त्यांनी गोरोबाकाकांना गाठलं. शाळेची किल्ली त्यांच्याकडंच असायची. काका ओट्यावर बसून लोखंडी पाटीत हरभरे भिजत घालत होते.

"काका, दुपारी शाळेत कोण असतं?"

काकांनी घाईघाईनं पाटीवर फडकं टाकलं. "कोण आसणार? तुमीच की."

"आम्ही नसलो तर?"

"मग कुणीच न्हाय! आन दुपारचं तिकडं फिरकू नगा. ऊन लागंल. जावा घरी!"

"एवढे हरभरे कुणाला?" कृष्णराजनं विचारलं.

"मला! म्हातारपणी भूक लई लागती!" काका पाटी घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं.

"दात किती आहेत यांना?" कृष्णराज पुटपुटला. "भिजवले तरी हरभरे चावायला दोन तरी लागतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं शाळेमागच्या बाभळींत दबा धरून बसली. गोरोबाकाका आले. हातात हरभऱ्याची पाटी, दुसऱ्या हातात पाण्याची बादली. इकडं तिकडं बघत त्यांनी मागची अर्धी उघडी खिडकी सताड उघडली, हरभरे आत ओतले, आणि चक्क हात जोडले!

"खावा रं लेकरांनो. गारव्याला बसा. कुणाला सांगत न्हाय म्या," असं म्हणून काका निघून गेले.

"लेकरांनो?" शिवांजलीचे डोळे भरले. "आरोहीताई, त्यांनी कुणाची पोरं कोंडलीत?"

प्रेमनं नाक वर करून वास घेतला. खाली वाकून धुळीतला ठसा पाहिला. मेंढरांमागं फिरणाऱ्या पोराला जमिनीवरचं सगळं दिसतं. त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं.

"पोरं न्हाईत. आरोही, चढ वर. भिऊ नगंस."

आरोही प्रेमच्या खांद्यावर पाय देऊन खिडकीशी पोचली आणि आत बघून थक्क झाली.

वानरं! सोनारीच्या भैरोबाच्या देवळाभोवती असतात तशी, काळ्या तोंडाची, लांब शेपटांची. चार खुर्च्यांवर चार. आरोहीच्या खुर्चीत एक थोराड वानर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलं होतं. पडद्यावर दोन चित्रं आली. वानरानं चुकीच्या चित्रावर बोट आपटलं. लगेच चित्रं बदलली, मोठी झाली. पुन्हा चुकलं. मग पडद्यावर एकच चित्र उरलं. वानरानं त्यावर बोट ठेवलं, आणि पडदाभर पिवळीधमक केळी नाचायला लागली!

"शाब्बास, आरोही! तू फार हुशार आहेस."

आरोहीला हसू यायला हवं होतं. आलंही थोडं. पण तिनं नीट पाहिलं आणि ते मावळलं. वानरं कधी अशी असतात का? ती भांडतात, एकमेकांच्या उवा काढतात, दुसऱ्याच्या तोंडातला घास पळवतात. ही चारही निश्चल होती. शेजारच्या खणातल्या आईच्या पोटाशी एक पिलू होतं. तेसुद्धा मान वळवून त्या निळ्या उजेडाकडं बघत होतं. खाली हरभरे पडले होते, आणि एकाचंही तिकडं लक्ष नव्हतं.

"काय करतायत?" खालून प्रेमनं विचारलं.

"आपण करत होतो तेच," आरोही म्हणाली आणि खाली उतरली.

गोरोबाकाकांना मग सगळं कबूल करावं लागलं. "काय करू पोरांनो? भैरोबाची लेकरं ती. उन्हानं तडफडत हुती. आत कूलर चालू, आन तुमी तर येतच न्हवता. दार कसं लावू त्यांच्या तोंडावर? पाप लागंल! सायबाला बोललो आसतो तर म्हनला आसता, खिडकी बंद करा. म्हून गप बसलो."

आता आली का पंचाईत! त्या कंपनीचे अमरसिंहसाहेब उद्याच येणार होते. सोबत शिक्षण खात्यातल्या श्रीदेवी मॅडम. मंजुषाबाईंनाही बोलावलं होतं, बदलीचं सांगायला. समाजमंदिरात सगळ्या वस्तीपुढं सुट्टीवर्गाचा निकाल दाखवायचा, असा बेत होता.

"सांगायचं म्हणजे आपण बुट्टी मारली तेही सांगायचं," कृष्णराज डोकं खाजवत म्हणाला. "आई मला उभा सोलेल. सरपंचाचा पोरगा ना मी! इज्जतीचा प्रश्न."

"मग नको सांगू," आरोही म्हणाली. "जाऊ दे बाईंना."

कृष्णराजनं प्रेमकडं पाहिलं. प्रेम पायानं माती उकरत राहिला. बाकावर हे दोघं शेजारी बसायचे. प्रेम अडला की कृष्णराज हळूच त्याच्या कानात सांगायचा, आणि बाई रागवायच्या.

"बरं बरं! असं बघू नकोस माझ्याकडं," कृष्णराज वैतागून म्हणाला. "खाईन मार! काका, उद्या तुम्ही रोजच्यासारखी खिडकी उघडी ठेवा. बाकी आमच्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी समाजमंदिर माणसांनी भरलं. अमरसिंहसाहेब तरुण, कडक इस्त्रीचे, बोलायला चलाख. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्यांनी रंगीत रेघा दाखवल्या. सगळ्या वरवर चढलेल्या. मंजुषाबाई कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पडद्यातून त्यांचाच आवाज बोलत होता, आणि त्या मात्र एक अक्षर बोलत नव्हत्या.

"मॅडम, ही चार मुलं महिन्यात एकदाही गैरहजर नाहीत! एकाग्रता बघा. आधी मिनिटाला दहा वेळा मान वळवायची, आता एकदाही नाही. आणि सगळी पास! या क्षणीसुद्धा ती वर्गात आहेत. हे बघा, आरोही हजर, शिवांजली हजर, कृष्णराज हजर, प्रेम हजर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बलभीमआप्पांनी तर सगळ्यांत जोरात.

"आम्हाला बोलावलं का?" दारातून आवाज आला.

दारात चौघं उभी होती. टाळ्या थांबल्या.

"आरोही?" आप्पा उठून उभे राहिले. पडद्यावर 'आरोही हजर' हिरव्या अक्षरांत लुकलुकत होतं. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. "तू हितं... मग तितं कोण हाय?"

"शिवांजली, उत्तर बरोबर!" पडद्यातून बाईंचा आवाज आला. खरी शिवांजली आरोहीच्या मागं लपली. एका म्हातारीनं अंगाऱ्यासाठी कमरेची पिशवी चाचपली.

अमरसिंहसाहेबांचं त त प प सुरू झालं. "काहीतरी... जोडणीचा दोष असेल. नेटवर्क..."

"शाळेत जाऊनच बघू," श्रीदेवी मॅडम म्हणाल्या.

सगळी वस्ती शाळेकडं निघाली, पण वाटेत जो तो दुसऱ्याच्या मागं राहायला बघत होता. परवा पोरांची जी गत झाली, तीच आज मोठ्यांची झाली होती. गोरोबाकाकांनी कुलूप काढलं. दार करकरत उघडलं. निळ्या उजेडात चार लहान आकृत्या पाठमोऱ्या बसल्या होत्या. एकीनंही मागं वळून पाहिलं नाही.

"शांत बसा, मुलांनो. कुणाशी बोलू नका," बाईंचा आवाज म्हणाला.

मंजुषाबाईंनी पदर तोंडावर धरला.

तेवढ्यात प्रेमनं हाताचा भोंगा करून, माळावर देतात तशी आरोळी ठोकली, "हुऽऽऽप!"

मग जो काही गोंधळ उडाला म्हणता! वानरं दचकून उठली, प्लायवूडवर चढली, एक अमरसिंहसाहेबांच्या खांद्यावरून उडी मारून खिडकीत गेलं, आणि जाता जाता त्यांचा गॉगलही घेऊन गेलं! लोकांनी भीती विसरून हात जोडले आणि मग पोट धरधरून हसले. खोली रिकामी झाली तरी यंत्र बोलतच होतं, "शाब्बास, आरोही. शाब्बास, प्रेम."

"बंद करा ते!" मंजुषाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "मी चुकीला शाब्बास म्हणत नाही. कधीच नाही."

मॅडमनी अमरसिंहसाहेबांना समोर उभं केलं. तोंडं ओळखायला यंत्राला वेळ लागत होता, म्हणून साहेबांनी शहरात बसूनच सोपं करून टाकलं होतं. ज्याची खुर्ची ठरलेली, त्या खुर्चीत कुणीही बसलं तरी तोच हजर! दाराशी कुणी हाक मारली, तर हजेरीत बघून उत्तरही यंत्रच द्यायचं. आणि कुणी नापास दिसू नये म्हणून चुकलं की प्रश्न सोपा, आणखी चुकलं की आणखी सोपा. महिनाभरात साहेब एकदाही इकडं फिरकले नव्हते.

"आणि तुम्ही?" तारामतीकाकूंनी कृष्णराजचा कान धरला. "रोज शाळेत जातो म्हणून कुठं उलथत होतास?"

"आई गं! ओढ्यावर! पण मी स्वतःहून सांगायला आलो, कान जरा हळू धर की!"

"आम्ही चुकलो," आरोही पुढं होऊन म्हणाली. "पण तिथं बसवत नव्हतं, मॅडम. शेजारी कुणीच नसतं. चुकलं तरी कुणाला कळत नाही."

"मला दोनदा पास केलं त्यानं," प्रेम जमिनीकडं बघत म्हणाला. "लई हुशार म्हनलं. पण मला वाचता येत न्हाय. ते फकस्त बाईंना ठावं हाय."

श्रीदेवी मॅडम वळून म्हणाल्या, "अमरसिंह, तुमच्या सगळ्या चढत्या रेघांपेक्षा हे एकच वाक्य खरं निघालं. ते या मुलाला सांगावं लागलं. सरपंचबाई, मंजुषाबाई कुठं जात नाहीत, ही माझी जबाबदारी. एक पडदा कोपऱ्यात राहू द्या. बाईंना हवा तेव्हा त्या लावतील. आणि ही चौघं! बुट्टीबद्दल यांना शिक्षा करा. पण आज या पोरांनी सगळ्या शाळेची लाज राखली, हेही त्यांना सांगा."

"पोरी, त्या निरोपावर इश्वास ठेवला, आन तुला इचारलं न्हाय," आप्पा आरोहीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "चूक माजीच." आरोहीनं त्यांच्या कमरेला मिठी मारली.

शिक्षा लगेच मिळाली. प्लायवूड काढायचं, वर्ग झाडायचा, बाक आत आणायचे! चौघांनी ती इतक्या उत्साहानं केली की तारामतीकाकू म्हणाल्या, "ही कसली शिक्षा? हे तर बक्षीस झालं."

ऊन उतरल्यावर बाईंनी पुस्तक उघडलं. त्यांची पिशवी अजून दाराशीच पडली होती. प्रेम आणि कृष्णराज एका बाकावर बसले. प्रेमनं ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, अडखळला, आणि पुढं काहीतरी ठोकून दिलं.

"चूक," मंजुषाबाई म्हणाल्या.

प्रेमनं वर पाहिलं. त्याचे डोळे एकदम भरून आले आणि तो हसला.

कृष्णराज त्याच्या कानाशी वाकला.

"कृष्णराज, मला ऐकू येतंय हं!" बाई ओरडल्या. "सांगू नकोस त्याला. येईल त्याचं त्याला. प्रेम, परत वाच."

प्रेमनं परत वाचलं.